ती ओळीपाशी आली तेव्हा

प्रिय ताई,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. तुझी भिंगरी बरी आहे. डॉक्टरांनी काल पुन्हा तपासलं आणि धोका टळलाय असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. आत्ता ती आतल्या खोलीत पडदा ओढून पडली आहे, उजेड तिला अजून सोसत नाही. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, हिचा आवाज असा खोल का गेलाय, तेव्हा आम्ही दोघींनी घसा बसलाय म्हणून ठोकून दिलं. घशाला काही झालेलं नव्हतं. ती तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि कागदांवर पालक म्हणून सही माझी आहे. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. का, तेच सांगायला बसले आहे, पण एका दमात जमेलसं वाटत नाही. भावजींना लगेच दाखवू नकोस. आधी तू एकटीने वाच.

त्या दिवशी आमच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींची उपांत्य फेरीची फुटबॉल मॅच होती. आपला क्लब कसा चालतो ते तू पाहिलंयस. कपडे बदलायला जुना मालाचा कंटेनर, जाळ्या शिवायला स्वतः अध्यक्ष, म्हणजे आपले रिटायर झालेले बस ड्रायव्हर, आणि मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या ओळी मारायला ज्याची पाळी असेल तो बाप. अकरा वर्षांत इथून मोठ्या अकादमीत तीन मुलं गेली, मुलगी एकही नाही. अकादमीचा निवड करणारा माणूस मॅच बघायला येणार आहे, हे मी तुला बोलले होते. तो फक्त भिंगरीसाठी येणार होता, हे नव्हते बोलले. त्याला मी तीन पत्रं लिहिली होती. तिच्या सरावाचे व्हिडिओ पाठवले होते. कारखान्याच्या नोकरीसाठी तू तिला माझ्याकडे सोडून गेलीस तेव्हा तिचा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहायला होता. शाळा सुटली की आम्ही गोदामाच्या मागच्या भिंतीवर रोज दोनशे चेंडू मारायचो, फक्त डाव्याने. तिथला वॉचमन मोजायचा आणि मुद्दाम दहा-वीस कमी सांगायचा, म्हणून ती त्याच्याशी भांडायची. आता ती कुठल्या बाजूने जाईल हे समोरच्यांना कळत नाही. हे मी घडवलंय, असं मी मनातल्या मनात हजारदा म्हटलं असेल. मी सतरा वर्षांची असताना मला बघायला कुणी आलं नाही, ते तू जाणतेसच. माझ्या मॅचला मैदानाच्या कडेला तूच तेवढी असायचीस, तीही पुस्तकात डोकं खुपसून.

तर तो आला. राखाडी जाकीट, हातात डायरी. कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभा राहिला, कुणाशी बोलला नाही. पहिल्या हाफमध्ये त्याने डायरी उघडलीसुद्धा नाही. माझं लक्ष खेळाकडे निम्मं आणि त्याच्या हाताकडे निम्मं. एक-एक अशी बरोबरी होती. दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला आणि भिंगरी आणि समोरच्या टीमची एक उंच बचावपटू एकदमच उडाल्या. दोघींची डोकी एकमेकींवर आदळली. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज मला चाळीस पावलांवर ऐकू आला. उंच मुलगी रडत उठली, तिच्या कोचने तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं. भिंगरी रडली नाही. रेफरीने विचारलं, तिने अंगठा दाखवला. मग ती ओळीपाशी माझ्याकडे आली, पाणी प्यायली आणि परत आत गेली. मी बदली खेळाडू उतरवली नाही.

सात मिनिटांनी तिने गोल केला. डाव्या पायाने, समोरच्या दोघींच्या मधून. त्या माणसाची डायरी उघडली, तो लिहायला लागला, आणि मी तोंडावर हात धरला, हसू दिसू नये म्हणून. सगळ्या पोरी तिच्याकडे धावल्या. ती मात्र वळून समोरच्या टीमच्या मुलींमध्ये जाऊन उभी राहिली, जणू त्याच तिच्या मैत्रिणी. पोरींना वाटलं, चेष्टा करतेय. मीही टाळ्या वाजवल्या. पुढे खेळ सुरू झाला. चेंडू पार पलीकडे होता, तिच्या आसपास कुणी नव्हतं, आणि ती खाली बसली. दमलेलं माणूस पायरीवर बसतं ना, तशी. मग हळूच एका कुशीवर कलंडली.

मी कशी धावले ते आठवत नाही. माझ्याआधी आपला सुतार पोहोचला होता, तोच जो गोलकीपरना शिकवतो. त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं, अँब्युलन्स येईपर्यंत हलू दिलं नाही. वाटेत तिने डोळे उघडले आणि विचारलं, काय झालं मॅचचं? मी म्हटलं, दोन-एक, तूच गोल केलास. तिचा चेहरा फुलला. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तोच आनंद. हॉस्पिटल येईपर्यंत चार वेळा तिने विचारलं, ताई, आणि चारही वेळा तिला पहिल्यांदाच कळल्यासारखा आनंद झाला. तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

मेंदूला सूज होती. रक्तस्राव नव्हता. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, पहिल्या माराने मुलं बहुतेक वेळा सावरतात. त्यानंतर मैदानात असताना तिला दुसरा मार बसला असता, तर मी आत्ता तुमच्याशी वेगळंच काही बोलत असते. तीन महिने चेंडूला पाय लावायचा नाही. त्यानंतर तपासून ठरवायचं. अकादमीचं निवड शिबिर पुढच्या महिन्यात आहे. ते गेलं.

दुसऱ्या दिवशी, भिंगरी नीट बोलायला लागल्यावर, डॉक्टरबाईंनी तिला माझ्यासमोर विचारलं, धडकल्यावर तुला काही होत होतं का गं? कुणाला सांगितलंस? भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभरच. मग म्हणाली, "नाही सांगितलं. मला खेळायचं होतं म्हणून लपवलं." डॉक्टरबाईंनी तसं लिहून घेतलं. मी पाण्याची बाटली धरून उभी होते. बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तोंड उघडलं नाही.

एकदा गप्प राहिलं की पुढचं आपोआप होत जातं. क्लबमध्ये सगळ्यांनी मला धीर दिला. सुतार म्हणाला, तुम्ही होतात म्हणून पोर वेळेत पोहोचली. अध्यक्षांनी सगळ्या मुलांना मैदानात बसवून सांगितलं, दुखणं लपवलं की काय होतं ते बघा. तिचं नाव घेतलं. मी बाजूला उभी, मान खाली. पोरी आता तिला भेटायला येत नाहीत. त्यांच्या आयांना वाटतं, ही पोरगी हट्टी आहे, आपल्या मुलींना बिघडवेल.

परवा दुपारी मी तिला म्हटलं, मी खरं काय ते सांगून टाकते. ती उठून बसली. "मावशी, तू सांगितलंस तर तुला काढतील. मग आमच्या टीमला कोण शिकवणार? मला तर नाहीतरी तीन महिने घरीच बसायचंय." इतक्या शांतपणे म्हणाली, की जणू भाजी कोण आणणार ते ठरवतोय. चौदा वर्षांची पोर, डोळ्यांवर ओला रुमाल, आणि ती मला सांभाळत होती.

आता ते राहिलेलं. ती पाणी प्यायला ओळीपाशी आली नव्हती, ताई. पाणी मीच तिच्या हातात दिलं. मैदानावर ती मला इतरांसारखं कोच म्हणते, तसा आमचा करारच आहे. त्या वेळी ती मावशी म्हणाली. "मावशी, मला दोन-दोन बॉल दिसतायत." चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना एक दिसतंय की दोन हे विचारून मी पोट भरते. दोन दिसणं म्हणजे काय, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. मग कॉर्नरच्या झेंड्याकडे पाहिलं. त्या माणसाने खिशातून पेन काढलं होतं. मी म्हटलं, "मग दोन गोल कर." आणि हसले. मी हसले म्हणून ती हसली आणि परत गेली.

हे पत्र आत्ताच का, तर येत्या रविवारी क्लबची सभा आहे. दुखापत लपवल्याबद्दल भिंगरीला पूर्ण हंगाम बाहेर ठेवायचं, म्हणजे बाकीच्या मुलांना जरब बसेल, असा ठराव येणार आहे. काल अध्यक्षांनी तो माझ्याकडे वाचायला दिला. खाली कोच म्हणून माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. मी सही करणार नाही. उभी राहून, मी काय ऐकलं आणि काय उत्तर दिलं, ते शब्द न बदलता सांगणार आहे, आणि डॉक्टरबाईंकडे जाऊन त्यांच्या कागदावरही ते दुरुस्त करून घेणार आहे. ते मला काढतील, काढायलाच हवं. पण बाहेरच्यांनी ऐकण्याआधी ते तुझ्या कानावर माझ्याकडूनच पडलं पाहिजे. तुमच्या कारखान्यातल्या त्या सुपरवायझरबाई इथे आल्या आहेत, उद्या तिकडे परत निघतायत, त्यांच्या हाती पत्र देते. गुरुवारपर्यंत तुला मिळेल. भिंगरीला यातलं काही ठाऊक नाही. कळल्यावर ती माझ्यावर चिडेल, चिडू दे. तिला माझ्याकडे ठेवायचं की तुझ्याकडे न्यायचं, हे तू ठरव. नेणार असशील तर मी एका शब्दाने अडवणार नाही, तिचे कपडे आणि औषधं नीट बांधून देईन. गुरुवारी दुकानातून लवकर निघेन आणि फोन घेऊन बाहेर अंगणात बसेन, म्हणजे तिला ऐकू जाणार नाही. तुला जे बोलायचं असेल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
धाकटी