श्रीरामपूरला, मूळगावावरून

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. भिंगार.
आजपासून डायरी रोज. बाबांनी लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी ॲम्ब्युलन्स उद्या माझ्या ताब्यात. काम एकच, श्रीरामपूरहून दया आत्याला आणायचं. नगरला मोतीबिंदूचं शिबिर आहे, गुरुवारपर्यंतच. तिला आता नुसत्या सावल्या दिसतात. बाबा म्हणाले, सरळ जा, सरळ ये. सरळच जाणार. फक्त नेवाशाकडून. तिकडं आमचं मूळगाव. पणजोबा कोण होते हे घराण्यात कोणी शोधलेलं नाही. माझा अंदाज, घोडेस्वार. माझी मान तशीच आहे.

सोमवार. संध्याकाळ.
वाटेत टुरिंग टॉकीजचा तंबू दिसला. मुक्कामाला मैदान आयतंच. पिक्चर बघितला नाही. अर्धाच बघितला. स्ट्रेचरवर अंथरूण, वातीचा स्टो, पिठलं. आत्याला झोपवून आणायचं तर आधी कोणीतरी झोपून बघायला हवंच.

मंगळवार.
मूळगाव सापडलं. पारावर विचारलं, आमच्या पणजोबांचं घर कुठलं, जमीन कुठली. सूर्यभान नावाचे म्हातारे म्हणाले, 'कागद आनलेत का?' म्हटलं, नाही, नुसतं बघायचंय. 'आदी बघायलाच येत्यात. मंग हिश्शाला येत्यात.' चहा आला नाही. तलाठी उद्या येणार म्हणे. थांबणं भाग आहे. गुरुवारला वेळ आहे.

बुधवार, १४. दुपार.
रात्री माळावर होतो. तिथं दुष्काळी काम चालू आहे, खडी फोडायचं, आणि पाण्याचा टँकर येतो. सकाळी उठलो तर मागच्या दाराशी रांग. बाबांनी रंग मारलाय, तरी खालचा लाल क्रॉस दिसतो. पुढं साळूबाई नावाची बाई. 'डाक्टर, बोट ठेचलंय.' मी सांगणारच होतो. पण मला डॉक्टर कोणी पहिल्यांदाच म्हटलं. तोवर गाडीतल्या बाटलीतलं आयोडीन लावून झालं होतं. मग आणखी दहा जणांना लावलं. बाटली संपल्यावर सांगितलं, मी डॉक्टर नाही, पूर्वज शोधतोय.
साळूबाई म्हणाली, 'मंग आमचा खाडा कशापायी केलास रं बाबा? मुकादम हजरी मांडून गेला की!'
अकरा जणांचा रोज बुडाला.
तलाठ्यासाठी थांबत नाही. त्या लोकांना तोंड दिसू नये म्हणून माळाच्या मागून निघतोय. शॉर्टकट असणार.

गुरुवार.
शॉर्टकट नव्हता. कोरड्या ओढ्यात चाक रुतलंय, कालपासून. आज शिबिराचा शेवटचा दिवस. दुपारपर्यंत निघालो तरी जमेल.

गुरुवार. दिवस मावळताना.
काम सुटल्यावर माळावरच्याच लोकांनी गाडी ढकलून काढली. साळूबाईपण होती, बोटाला चिंधी बांधून. मी आभार मानले. 'लाव हात, बोलू नको,' म्हणाली.

शुक्रवार. श्रीरामपूर.
आत्या ओसरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. शेजारच्या हन्नाबाई म्हणाल्या, सोमवारपासून अशीच बसतीय. 'मी म्हनलं, येस्टीनं नेते. तर ऐकंना. म्हने, माझा प्रभुदास गाडी घिऊन यायलाय.' मी सांगितलं, गाडी बंद पडली होती. आत्या म्हणाली, 'व्हय का? मंग तू तरी काय करशील.' शिबिर उठलं, पुढचं पुढच्या वर्षी, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गाठ चाचपत राहिली. मग म्हणाली, चल, भावाला तरी भेटते. वाटेत पणजोबांबद्दल काही विचारलं नाही.

शनिवार, १७. सकाळ. भिंगार.
बाबा ड्यूटीवर गेल्यावर आत्याच्या खोलीत गेलो. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं, अगदी पक्कं. उंबऱ्यातच होतो, तिला वाटलं बाबाच. 'योसेफा,' म्हणाली, 'पोराला बोलू नको रं. एकला पोर, चार राती रस्त्यावर काढल्या त्यानं माझ्यापायी.'
मी तोंड उघडलं. बाबांसारखा खाकरलो आणि बाहेर आलो.