तुटक्या रेघेची चौकट

प्रिय डेटलेफ,

ही गुंडाळी तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट आहे, पण ती वाढदिवसाआधीच उघड. आधी पत्र वाच, मग चित्र बघ. मला तुला एक सांगायचं आहे, आणि ते ब्रेमेनमध्ये, केकसमोर, सगळ्यांदेखत सांगायचा मला धीर नाही.

मी अजून आठवड्यातून दोन दिवस छापखान्यात जाते. लाइपझिगमध्ये दगडावरून चित्रं छापणारे हात थोडेच उरलेत, त्यामुळे त्र्याहत्तराव्या वर्षीही मला कुणी घरी बसू देत नाही. या हिवाळ्यात हेडा ब्रूमर ही चित्रकार आमच्याकडे काम करत होती. एका जुन्या घरातलं जमिनीवरचं लिनोलियम उखडलं, तेव्हा खाली अंथरलेली वर्तमानपत्रं तिला मिळाली. त्यांतली निधनाच्या जाहिरातींची पानं तिने निवडली आणि तेलकट खडूने दगडावर फक्त त्यांच्या काळ्या चौकटी आणि क्रूस काढले. नावं नाहीत, तारखा नाहीत. आत नुसता वर्तमानपत्राचा करडा रंग. त्या करड्यासाठी नऊ दिवस गेले. मी शाई मिसळायचे, ती मान हलवायची. "हा सिमेंटचा झाला. हा उंदराचा. मला असा हवा, की बोटांना लागेल असं वाटलं पाहिजे." दहाव्या दिवशी तो साधला आणि मी नकळत बोटं एप्रनला पुसली. पन्नास वर्षांत इतकी नेमकी नजर मी पाहिली नाही.

एका चौकटीची खालची रेघ कोपऱ्याजवळ तुटलेली होती. हेडा जेवायला गेली तेव्हा मी ती जोडून टाकली. छापणाऱ्याची सवय, दुसरं काय. ती परतली, दगडावर वाकली. "आल्मुट, हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा. मोडकी होती, नीट केली."

"मोडकी होती म्हणून तर तशी काढली होती, बाई! दुरुस्तीचं दुकान आहे का हे? मोड परत."

मी पात्याने रेघ खरवडली. दगडावर सगळं उलटं असतं, म्हणून तोवर मला काही कळलं नाही. पहिला कागद उचलला तेव्हा ती फट उजवीकडे आली. वरच्या कोपऱ्यात लहानसा क्रूस. माझ्या खणातल्या कात्रणासारखीच, जे मी तेव्हा तुलाही पाठवलं होतं. आईच्या निधनाची जाहिरात. मी स्टुलावर बसले आणि हेडाला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे? भाऊ जिवंत आहे ना तुझा?"

तुझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चौऱ्याऐंशीत तू पश्चिम जर्मनीत गेलास, दोन वर्षांनी आई गेली, तुला दफनाला येऊ दिलं नाही, आणि देश सोडून गेलेल्याचं नाव छापायचं नाही म्हणून सरकारी माणसाने जाहिरातीखालच्या मुलांच्या नावांतून तुझं नाव उडवलं. दर वाढदिवसाला तू हे सांगतोस. आधी मुलं ऐकायची, आता नातवंडं ऐकतात. शेवटी तू माझ्याकडे वळतोस, "आल्मुटला विचारा, ती होती तिथे." आणि मी मान डोलावते.

सरकारी माणूस नव्हता, डेटलेफ. वर्तमानपत्राच्या काउंटरवर सर्दी झालेली एक बाई होती. तिने मजकूर वाचून विचारलं, "नाव एवढं एकच?" तुझं नाव मी घरीच खोडलं होतं. दोन वर्षं मी आईला उचलून न्हाऊ घालत होते आणि ती दर वेळी विचारायची, डेटलेफचं पत्र आलं का. पत्र यायचं. मी वाचून दाखवायचे. पुढे फोनवर तूच म्हणालास, "त्यांनीच काढलं असणार," आणि मी हो म्हटलं. चित्राच्या पस्तीस प्रती झाल्या. काल दगड वाळूने घासून कोरा केला, आता आणखी एकही निघणार नाही. रिवाजाप्रमाणे छापणाऱ्याला क्रमांक नसलेली एक प्रत मिळते, ती ही. तिसऱ्या ओळीतली दुसरी चौकट बघ. हे वाचूनही बारा तारखेला मला बोलावणार असशील, तर मी नेहमीचा खसखशीचा केक घेऊन येईन. फक्त या वेळी "आल्मुटला विचारा" म्हणू नकोस. किंवा म्हण, आणि मी काय सांगते ते सगळ्यांना ऐकू दे.

अजूनही तुझीच,
आल्मुट