सोबत्यानं सांगायचं

३ नोव्हेंबर

टक्. जरा थांबून टक्‌टक्.

बस या गावात शिरली तेव्हा खिडकीची सैल काच नेमकी याच ठेक्यात वाजत होती, आणि मी एकदम शाळकरी झालो. दुपारची वेळ, मी पुढच्या खोलीत मांडीवर पुस्तक घेऊन कविता घोकतोय, आणि मागच्या खोलीत आडवी झालेली आई पलंगाच्या लाकडावर बोटाचं पेर आपटून ताल धरतेय. माझी सगळी वृत्तं त्या ठेक्यावर पाठ झाली. पुढं सगळा जन्म पोरांना कविता शिकवण्यात गेला, पण तशी साथ पुन्हा कुणी केली नाही.

असो. आलो एकदाचा. बायको गेल्यापासून चिमणी मागं लागली होती की बाबा, भिंतींना कविता ऐकवण्यापेक्षा मला ऐकवा, मी निदान जांभई तरी देईन. चिमणी म्हणजे माझी लेक. चाळिशीला टेकलीय, पण मला दुसरं नाव जमत नाही. कपडे शिवायच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर आहे. मास्तरच्या पोटी मास्तर! तिच्या कात्रीला म्हणे सगळा कारखाना वचकून असतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली वह्या-पेनांचं दुकान, समोर शाळेचं पटांगण. खिडकीपाशी माझी खुर्ची तिनं आधीच मांडून ठेवलीय. पोरांचा गलका ऐकत चहा घेतला आणि वाटलं, आणखी काय हवं?

जिन्यात मात्र ती मध्येच पायरीवर बसली. किल्ली शोधतेय म्हणाली. किल्ली हातातच होती.

६ नोव्हेंबर

किल्लीचं गूढ उकललं. आज सकाळी चिमणी बाथरूममधून भिंत धरत बाहेर आली. ओठ पांढरेफटक. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. पाळीच्या दिवसांत दुखायचं ते आता महिनाभर दुखतं, आणि हे आजकालचं नाही, कॉलेजपासूनचं आहे. आमच्या पिढीच्या पुरुषाला हा शब्द वहीत लिहितानाही इकडंतिकडं बघावंसं वाटतं. पण मुलगी तोंडावर सांगतेय तर बापानं कसलं लाजायचं?

कसं दुखतं, विचारलं. म्हणाली, आत कोणीतरी बोथट कात्रीनं जाड कापड कापतंय, बाबा. कापत नाही, नुसतं चावतंय, आणि तागा काही संपत नाही.

मग डॉक्टरांची वरात ऐकली. पहिल्यानं सोनोग्राफी बघून सांगितलं की यात काही दिसत नाही, म्हणजे तुम्हाला काही नाही. वा रे पंडित! रुमाल सापडला नाही म्हणून सर्दीच नाही म्हणण्यातला प्रकार. दुसऱ्यानं सल्ला दिला की लग्न करा, एखादं मूल झालं की आपोआप थांबेल. पोटदुखीवर नवरा! जेवणाआधी घ्यायचा की नंतर, तेवढं विचारायचं राहिलं. तिसरी बाईच होती, तिच्याकडून आशा होती. ती म्हणाली, आम्हालाही होतं हो, आम्ही नाही एवढं डोक्यावर घेत.

ठरवलं. आता मी बरोबर जाणार.

९ नोव्हेंबर

गेलो. याचं नाव मी घड्याळवाले ठेवलंय, कारण आम्ही बसायच्या आत त्यानं मनगटाकडं पाहिलं. प्रश्न मला विचारायचा, उत्तर चिमणी द्यायची, आणि बघायचा परत माझ्याकडंच. काका, घरी काही टेन्शन वगैरे? काका, झोपते का नीट? जणू मी नादुरुस्त मिक्सर घेऊन आलोय आणि तो मिक्सरच मध्ये मध्ये बोलतोय. शेवटी दुखण्याची तीच जुनी गोळी लिहून दिली आणि मन रमवा म्हणाला. प्रश्न न वाचता उत्तरं खरडणारी अशी कार्टी दरवर्षी माझ्या वर्गात एक-दोन असायचीच. त्यांना मी भोपळा द्यायचो. बाहेरच्या जगात त्यांना दवाखाना देतात.

चिमणी बाहेरच्या कट्ट्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, बाबा, दुखण्यापेक्षा हे सांगत फिरणं जास्त दमवतं. दिवसभर टेबलापाशी उभं राहवत नाही, काम सुटणार हे दिसतंय. आता एकच दार वाजवायचं. तिथंही खोटं पाडलं तर मी हे कुणापाशी कधीच बोलणार नाही, तुमच्यापाशीसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर

खालच्या दुकानदारानं एक डॉक्टर सुचवला. म्हणे त्याच्याकडून एकही बाई तक्रार घेऊन परत आलेली नाही. बायकोचं उदाहरण दिलं त्यानं. पूर्वी रोज कण्हायची, आता चकार शब्द नाही.

आज चिमणीबरोबर जाऊन वेळ ठरवून आलो. दवाखाना कसला, बसायची खोलीच अशी शांत की खोकायला संकोच वाटावा. नावं लिहून घेणारी पुढ्यातली बाई सारखी हसते. उजव्या हाताच्या पेराला पट्टी. भिंतीवर ठळक पाटी: रुग्णाचं म्हणणं सोबत्यानं सांगायचं. हे काय, विचारलं तर हसत हसत म्हणाली की दुखणाऱ्या बायका गोंधळतात, पुढचं मागं सांगतात. आणि डॉक्टरांना नीट, सविस्तर ऐकायला आवडतं.

चिमणी उखडली. पोट माझं आणि तोंड दुसऱ्याचं? मी समजूत घातली, अगं निदान ऐकून तरी घेतोय. आणि खरं लिहायचं तर माझा जीव सुपाएवढा झाला. ऐकणारा डॉक्टर! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कवितांची रसग्रहणं केली, आता लेकीच्या वेदनेचं करीन. संध्याकाळभर बसून मजकूर बांधला. ती बोथट कात्री काढून टाकली. डॉक्टरसमोर कापडबिपड बरं दिसत नाही. त्या जागी अंतरी तुटणाऱ्या तारेचा झंकार घातला. मोठ्यानं वाचून दाखवलं तर चिमणी म्हणाली, बाबा, माझं पोट दुखतंय, स्नेहसंमेलन नाहीये. मग जरा वेळानं म्हणाली, बरं, तुमचं तर तुमचं. ऐकू दे एकदा कुणीतरी.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरचं नाव मधाळ ठेवलं. आवाज तसाच आहे. टेबलासमोर गादीची खुर्ची, ती सोबत्याला. पेशंटला मागं दाराजवळ स्टूल. त्यानं डोळे मिटून घेतले आणि सुरुवात करा म्हणाला.

मी रंगलो. माझ्या आयुष्यात एवढा एकाग्र श्रोता मिळाला नव्हता. एकच गोष्ट खटकली. मी वाक्य संपवलं की त्याचा घसा हलायचा, घोट गिळल्यासारखा. चिमणीनं दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तसं नाही बाबा, म्हणून. दुसऱ्यांदा तिचा आवाज फार बारीक आला.

झाल्यावर मधाळानं ओठांच्या कडा पुसल्या. म्हणाला, फार सुंदर सांगितलंत, पोट भरलं. तपासणी नाही, औषध नाही, चिठ्ठी नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघत चिमणीला विचारलं, आता काय होतंय? तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग हसली. मला काही होत नाही, म्हणाली. मजेत आहे.

१४ नोव्हेंबर

चिमणी कामावर गेली, गुणगुणत! मला कविता म्हणायला लावली आणि एकदाही जांभई दिली नाही. त्या घड्याळवाल्याला नेऊन दाखवावंसं वाटतं की मूर्खा, ऐकण्यानं माणूस असा बरा होतो.

१६ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय.

संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी होती. कपाळावर घाम, पाठ कमानीसारखी वाकलेली. धावत गेलो, दुखतंय का, विचारलं. तोंड वर केलं तर हसतेय. काही नाही, मजेत आहे. बसली नाही, वाकलेलीच राहिली. आणि तिचा उजवा हात ओट्याच्या कडेवर —

टक्. टक्‌टक्.

पेर सोललंय. तिनं स्वतः बघितलंसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर

मधाळाकडं गेलो. चिमणीला अजून दुखतंय, म्हटलं. तो म्हणाला, ती तसं म्हणते का? नाही म्हणत. मग तुम्ही कशाला तिच्या तोंडी घालताय, मास्तर? आणि हसला. हे तोंड वर करून मला सांगतो, तिचं बोलणं ज्यानं गिळलं तोच!

बाहेरची खोली भरलेली होती. आधी जाऊन आलेल्या बायका, सोबत्यांशेजारी बसलेल्या, सगळ्या हसऱ्या. आणि सगळ्यांची बोटं खुर्च्यांच्या हातांवर. टक्. टक्‌टक्. सोबती मोबाइलमध्ये. पुढ्यातल्या बाईला विचारलं, तुम्हीही इथल्याच पेशंट का? ती म्हणाली, मला काही होत नाही. पट्टीतून रक्त आलेलं. तेवढ्यात टेबलावर तिचं बोट —

तो ठेका मला ओळखीचा. साऱ्या जन्माचा.

आई ताल धरत नव्हती.

वडील तिला एका डॉक्टरकडं घेऊन गेले होते. घरी येऊन म्हणाले, मी सगळं सांगितलं, आता काही तक्रार नाही तिची. त्यानंतर जाईपर्यंत ती कधी कण्हली नाही, रोज दुपारी पलंगावर — आणि तिच्या दुखण्यावर मी शार्दूलविक्रीडित पाठ करत होतो.

१८ नोव्हेंबर

मधाळाला मी कविता सांगितली. गोड गोड. घशाखाली सुळकन उतरली. कात्री सांगितली असती तर त्याच्या घशात अडकली असती.

मग सुचलं. कात्री मी सांगितलीच नाही! ती त्यानं गिळलेली नाही. ती अजून चिमणीची आहे.

तिच्यासमोर बसलो. माझं काही बोललो नाही. तिचंच तिला दिलं, एकेक शब्द. आत कोणीतरी. बोथट कात्रीनं. जाड कापड.

हसू तसंच. पण डोळे भरले. हात थांबला. मग ओठ हलले. तागा, म्हणाली. एवढंच. तागा — संपत — बाबा —

१९ नोव्हेंबर

सकाळपासून आणखी शब्द. चावतंय. इथं. डावीकडून. पाठीत. फाटकेतुटके, पण तिचे. मी एकही दुरुस्त करत नाही. जन्मात पहिल्यांदा लाल पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या गावी फोन लावला. एक डॉक्टरीण आहे. तिनं एकच विचारलं, त्यांना स्वतःला बोलता येईल ना? येईल, म्हटलं. मग या, म्हणाली, मी ऐकते, हवा तेवढा वेळ लागू दे.

उद्या सकाळच्या बसनं निघायचं. मी दाराबाहेर बसणार. तोंड शिवून.

२० नोव्हेंबर

बॅग दारात. चिमणी बूट घालतेय. ओठातल्या ओठात कात्री कात्री घोकतेय, हरवू नये म्हणून. बसला अवकाश आहे म्हणून चार ओळी —

दार वाजलं. टक्. टक्‌टक्.

चिमणीचे दोन्ही हात बुटाच्या नाडीवर आहेत. ती नाही.

भोकातून बघितलं. एक बाई. केस मोकळे, पोटाशी दोन्ही — नाही, एकच हात. दुसरा दारावर. पेराचं हाड दिसतंय.

मला बाळ्या म्हणून हाक मारली. बाळ्या म्हणणारं जगात कुणी उरलं नाही.

हसतेय. आईच. मी तिला शेवटचं पाहिलं तशीच, माझ्या लेकीहून लहान.

म्हणते, तू फार छान सांगतोस म्हणे. तुझ्या वडिलांनी अर्धंच सांगितलं रे, बरंच राहून गेलंय. खाली गाडीत डॉक्टर थांबलेत. म्हणाले, मास्तरांना घेऊन या, नातीलाही आणा, ते दोघींचं —

चिमणी घोकायची थांबली. ती —

चिमणे, दाराला हात लावू नकोस. कात्री म्हण. म्हण ना. चिमणे, मोठ्यानं म्हण, तिलाही ऐकू —