रिबिनींनी बांधलेली जीप

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तुमची आठवण आली की अजून आधी डोळ्यांसमोर येतात ते तुमचे पाय, जीपखालून बाहेर आलेले, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले. राहात्याच्या आमच्या शाळेत खो-खो शिकवणाऱ्या आणि भावाची जीप स्वतः चालवणाऱ्या तुम्ही एकट्याच. देवळाली प्रवरेला सामना ठरला, तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तुम्हाला म्हणाले होते, "दिवेलागणीच्या आत पोरी घरी पायजेत. न्हाईतर पुन्हा खेळ न्हाई." दादांचा शब्द म्हणजे सगळ्या आयांचाही शब्द, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

उसाच्या गाडीवाटेनं जाताना बाभळीची वाळकी फांदी खालून घासली आणि फट् फट् असा आवाज सुरू झाला. तुम्ही जीप थांबवता, पदर खोचता, खाली शिरता आणि कॅप्टन म्हणून मलाही शेजारी आडवं व्हायला लावता. चाकांकडे फिरकी नेणारा लांब दांडा, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण, त्याला बूट म्हणतात. तो उभा चिरलाय, ग्रीस उडून जीपच्या पोटाला लागलंय. "गाडी चालेल गं," तुम्ही म्हणता, "पण आत माती गेली की सांधा झिजतो. आज नुसती पट्टी बांधू." तेवढ्यात सायकलवरून एक आजोबा आले. तुम्ही सामन्याचं सांगून जुनी ट्यूब आहे का विचारलं, तर पिशवीतून काढून म्हणाले, "फाटकी हाय बाई, पर घ्या. पोरींचा खेळ बुडाया नको." तुम्ही सांधा पुसलात, डब्यातलं ग्रीस भरलंत, ट्यूब चिरून त्याभोवती गुंडाळलीत. बांधायला तार नव्हती. तुम्ही आमच्या वेण्यांकडे बघितलंत, आणि आम्ही लाल रिबिनी सोडायला लागलो.

मैदानावर आमचे केस पिंजारलेले, हात काळे. पंचांनी विचारलं, "रिबिनी कुठायत यांच्या?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "जीपला बांधल्यात." सगळं मैदान हसलं. मला वाटतं त्या हसण्यानंच आमची भीती गेली. शेवटच्या डावात आमच्यातली सगळ्यात धाकटी, बुटकी पोर अशी काही पळाली की आम्ही एका गुणानं जिंकलो. येताना घसा बसेपर्यंत गात आलो. दादा वेशीवर उभे होते, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. त्यांनी आमचे अवतार पाहिले, जीपखाली वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "पुढचा सामना कुठं हाय?"

रिबिनी टिकल्या म्हणून मी शेफारले होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवा बूट घेऊन आले, तेव्हा मीच म्हणाले, "बाई, राहू द्या ना त्या, चाललंय की." तुम्ही मला पुन्हा खाली झोपवलंत. मिस्त्रींनी ट्यूब सोडली, थोडं ग्रीस माझ्या बोटांवर ठेवलं. चोळलं तर करकरलं. "ही माती कालपासून सांधा खातेय," तुम्ही म्हणालात, जरा रागानंच. "वेळेला उपयोगी पडलं, त्याचे आभार मानावेत आणि मग नीट काम करावं." मग सांधा उघडला, रॉकेलनं धुतला, नवं ग्रीस, नवा बूट. त्या वर्षी आम्ही त्याच जीपनं किती गावं हिंडलो!

परवा माझ्या मोटारीच्या पुढच्या चाकाजवळचं असाच बूट फाटला. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "टेप मारून देतो, मावशी." मी म्हटलं, "घरी पोचण्यापुरतीच मार, उद्या सांधा उघडून नवा बसव." मला यातलं कळतं हे त्याला खरं वाटेना, म्हणून फाटलाय कुठं ते दाखवायला मी चक्क खाली झोपले. हे पत्र कुठं टाकणार, घरी माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील. पण तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. बाई, मला उठताच येईना. दोन पोरांनी ओढून काढलं, आणि मी तिथंच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.