मामांचं कोरं कपाळ

॥ श्री ॥
अंबाजोगाई, ९ जानेवारी

ती. जगदेवी आत्यांना शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. मन्मथमामांचं चित्र सुरू केलंय. त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाआधी ते माजलगावला तुमच्या दुकानात लागेल, काळजी सोडा.

अमरदादाने पाठवलेल्यांतला कपिलधारचा फोटो घेतला. धबधब्याखालून नुकतेच बाहेर आलेत, तोंडभर पाणी आणि हसू. बाकी सगळीकडे मामा ओळखपत्राला बसल्यासारखे ताठ! फोटो मोठा छापून त्यावर चौकोन आखले, तसेच कागदावर फिकट आखले आणि एकेक चौकोन उतरवला. आता रंगीत पेन्सिली. सावळा रंग काळ्या पेन्सिलीने येत नाही, आत्या. आधी पिवळा, त्यावर गुलाबी, मग तपकिरी. डोळ्यांखाली चक्क निळा. मधेच कुणी पाहिलं तर दचकेल. पण मामाच दिसतील, माझ्या हातावर माझा भरवसा आहे.

लोभ आहेच, तो पेढ्यांच्या रूपाने आला तरी चालेल.

तुमची,
शिवांजली


माजलगाव, १८ जानेवारी

चि. शिवांजलीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

अमरनाथने तुझं अर्धं चित्र मोबाइलवर दाखवलं. डोळे त्यांचेच हायत. सूनबाई रुद्राणी विचारत होती, मामंजींचं तोंड कावून निळं केलंय म्हणून. मी तिला म्हटलं, थांब जरा, पोरीला कळतंय.

पण कपाळ कोरं हाय गं. पाण्यानं विभूती धुऊन गेली, हे मलाही समजतं. पण लग्नापासून मी त्यांना विभूतीशिवाय घराबाहेर पडताना पाहिलं नाही. आंघोळ झाली की आरशात न बघता तीन बोटं ओढायचे. रेघा नेहमी वाकड्या. मी रोज सरळ करायची आणि लई बोलायची. शेवटी दवाखान्यात तेवढं राहिलं. नळ्या लावल्या होत्या, जवळ जाता आलं न्हाई. कोऱ्या कपाळानं गेले. तेच भिंतीवर रोज कसं बघू? तीन रेघा तेवढ्या ओढ, बाई.

हट्ट करते म्हणून माया कमी करू नको.

तुझी आत्या


अंबाजोगाई, २७ जानेवारी

ती. आत्यांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले, लपवत नाही. पण ते आलं तोवर कपाळ पूर्ण झालं होतं. या पेन्सिलींत पांढरं वरून देता येत नाही. पांढरं म्हणजे कोरा कागद, तो पहिल्या दिवसापासून राखावा लागतो. मामांच्या तोंडावरचे थेंब तसेच राखलेत. कपाळावर आता इतके थर आहेत की मेणामुळे पांढरी पेन्सिल नुसती घसरते. वेगळ्या तुकड्यावर करून पाहिलं.

चित्र आमच्या शेजारच्या बंकटकाकांबरोबर पाठवतेय. नको वाटलं तर परत पाठवा. दुसरं काढीन, रेघांची जागा राखून, पट्टीने सरळ. तेही असंच येईल, ही माझी खात्री. मात्र काच लावलेली नाही, तेव्हा कागदाला कुणी बोट लावायचं नाही. तुम्हीसुद्धा.

रागावलात तरी माझ्यावरच रागवा, परकं करू नका.

शिवांजली


माजलगाव, ४ फेब्रुवारी

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

दुसरं काढू नकोस. हसताना त्यांची एक भुवई वर जायची, तीसुद्धा उतरवलीस. रुद्राणीनं चित्र बघितलं आणि डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी राहिली! निळ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

आता तुला राग येईल असं सांगते. सकाळी पूजा झाली, बोटांना ओलं भस्म होतं. चित्र मांडीवर घेतलं आणि कपाळावर तीन बोटं ओढली. तुझी पेन्सिल घसरते तिथं भस्म बसलं गं. अमरनाथ ओरडला, शिवांजली काय म्हणेल म्हणून. म्हटलं, तिचं माझं मी बघते. राहिलेलं काम होतं, माझ्या हातानं झालं. लई बरं वाटलं.

आज काच लावून आणली. पुण्यस्मरणाला ये, पेढे इथंच खा. आत्यावर जीव आहेच तुझा, तो असाच राहू दे.

तुझी आत्या

ता. क. रेघा वाकड्या आल्या. सरळ केल्या नाहीत.