ठराव: प्रत्येक देशाने आपापली सीमा बंद करावी

रविवार, २ जून १९५७

आजपासून रोजनिशी. नियमित. रोज पहाटे उठून लिहायची. (आज उशिरा उठलो, पण रविवार होता.)

पुण्याच्या पेपरात आहे की हाँगकाँगकडचा ताप बोटीतून मद्रासला उतरला, आता मुंबईत पोचला. प्रत्येक देश आपापल्या परीने गोंधळ घालतोय. कोणाकडे प्लॅन नाही. माझ्याकडे आहे. मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे. गेटवर हजेरी लिहितो हे खरं, पण सगळं पेनिसिलीन माझ्या डोळ्यांदेखत बाहेर पडतं. कुरुळी गाव मला डागदरसाहेब म्हणतं ते काय उगाच?

हिला प्लॅन समजावून सांगितला. ही म्हणाली, आणि आपल्याच घरात ताप आला तर? म्हटलं, मी जगाचं बोलतोय. ही भाकरी थापायला गेली. इंटरनॅशनल विषयात हिला गती नाही.

मंगळवार, ४ जून

परिषद नक्की. रविवारी मारुतीच्या देवळात. एकेकाने एकेका देशाची बाजू मांडायची. सरपंच हिंदुराव रशिया, कारण गावात जमीन सगळ्यांत जास्त त्याची. चाकणचा सायकलवाला लालमहंमद अमेरिका, त्याच्याकडे मोठा पंप आहे. गुरव कोंडाजीला चीन दिला तर रुसला. आमच्या सात पिढ्यांत कुणी रोग पसरवला न्हाई, म्हणाला. शेवटी इंग्लंडवर राजी झाला. चीन कोणीच घेईना, तो रिकामा ठेवला. भारत मी. अध्यक्षही मीच, दुसरं कोण होतं?

भाषण आजपासून पाठ करायचं. उद्यापासून.

रविवार, ९ जून

परिषद यशस्वी. देऊळ खच्चून भरलं. पावसाची झड आत येत होती म्हणून दारं लावून घेतली. गर्दी टाळावी या मुद्द्यावर मी पाऊण तास बोललो. मागच्यांना ऐकू येईना, ते पुढे सरकून बसले. अमेरिका सारखी खोकत होती, दोनदा दटावावं लागलं. रशियाचं म्हणणं, ज्याने त्याने आपलं बघावं. इंग्लंड खांबाला टेकून घोरत होतं.

मग माझा ठराव. प्रत्येक देशाने आपली सीमा बंद करावी. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. राजा असो की रंक, कोणालाही सूट नको. एक सूट दिली की सगळं मुसळ केरात. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. कोंडाजीसुद्धा जागा झाला. एवढा इफेक्ट मलाही अपेक्षित नव्हता. एकमताने मंजूर.

चहा हिने केला. सगळ्या गावाच्या उष्ट्या कपबशा रात्री विसळत बसली होती. मदत करणार होतो, पण अध्यक्षाने ते करणं बरं दिसत नाही.

सोमवार, १० जून

संध्याकाळी हिंदुराव आणि कोंडाजी आले. म्हणाले, डागदरसाहेब, तुमी शीव बांधायची म्हणालात, तर उद्याच बांधू, मंगळवार हाय, देवीचा वार. प्लेगात त्यांच्या आज्यांनी बांधली होती म्हणे. गावाभोवती दहीभात शिंपडायचा, चारी कोपऱ्यांना लिंबू पुरायचं आणि पुढच्या मंगळवारपर्यंत शीव कोणी ओलांडायची नाही. कोणी ओलांडलीच, तर देवीचा कोप साऱ्या गावावर.

मी सांगणार होतो की बाबांनो, मी देशांबद्दल बोललो. मग विचार केला, जे मोठ्या मोठ्या देशांना जमेना ते कुरुळी करून दाखवतेय. आपण का मोडता घालावा? संमती दिली. फक्त यामागचं सायंटिफिक कारण निराळं आहे, तेवढं बजावलं. दोघांनी मान डोलावली आणि दह्याचं काय ते बोलत गेले.

मंगळवार, ११ जून

सकाळी सायकलवर कामाला निघालो. शिवेवर चौघे काठ्या घेऊन उभे. अडवलं. म्हटलं, अरे, ठराव माझा आहे. म्हणाले, म्हणून तर तुमी आदी पाळायचा. परत आलो. रजेचा अर्ज लिहिला, पण तो नेऊन देणार कोण? काही असो, डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन. ऊर भरून आला.

गुरुवार, १३ जून

मला ताप. भयंकर. हाडन् हाड ठणकतंय. ही कपाळावर पट्ट्या ठेवते, पाय चेपते, काढा देते. काढा दोनदा कडू झाला. बोललो. नंतर वाटलं, फार बोललो. पण आजारी माणसाचं मनाला लावून घ्यायचं नसतं, हे हिला कळायला हवं. माझं बरंवाईट झालं तर प्लॅन पुढे नेणारा गावात दुसरा कोणी नाही.

शनिवार, १५ जून. सकाळ

ताप उतरला. सपाटून भूक लागली. ही उठलीच नाही. अंग मोडून आलंय म्हणाली. बायकांना दुसऱ्याचं बघून बघून दुखतं. भात मीच लावला, करपला. जपानने काय करावं याचं टिपण सुरू केलं. छान जमतंय.

संध्याकाळ

हिला धाप लागते. छातीत चमका मारतात म्हणते. ओठ काळपट दिसतात. कारखान्यातले डॉक्टर एकदा बोलले होते की तापामागून छाती भरली तर पेनिसिलीन द्यावं, वेळ घालवू नये. ते पेनिसिलीन इथून चार कोसांवर आहे. मी रोज त्याच्या दारात बसतो.

हिंदुरावाकडे बैलगाडी मागायला गेलो. तो ओट्यावर बसून होता. म्हणाला, माझा नातूबी तापानं फणफणलाय, म्या जुंपली का गाडी? एक सूट दिली की समदं मुसळ केरात, तुमीच म्हणालात. त्याचे डोळे भरले होते. मला भांडायचं होतं, पण त्याच्यावर राग काढता येईना. म्हटलं, हिंदुराव, ते मी रशियाला सांगत होतो. तो म्हणाला, मग मीच की रशिया.

रविवार, १६ जून

सकाळी हिला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, पडू नये म्हणून धोतराने माझ्या कमरेशी बांधलं. फाट्यापर्यंत गेलो की एस.टी. मिळेल असा हिशोब. ही तापाने सारखी थरथरत होती.

शिवेवर सगळं गाव गोळा झालं. बायका तापलेली पोरं कडेवर घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दादा, आमच्या लेकरांवर आणू नका. कोंडाजीने माझे पाय धरले.

मी बोलायला लागलो. देवीचं असं काही नसतं, एका बाईला दवाखान्यात नेल्याने कोणाला काही होत नाही, हे सांगायचं होतं. एक मुद्दा सुचेना. नुसतं सोडा हो, सोडा हो, एवढंच म्हणत राहिलो. रडूही आलं. ही पाठीमागून म्हणाली, चला घरी, लोकांत शोभा नको.

परत आलो.

सोमवार, १७ जून

ही गेली. सकाळी. पाणी मागितलं, मी आणेपर्यंत.

ओढ्याकाठी अग्नी दिला. चिंबळीहून हिचा भाऊ आला होता. त्याला आत सोडलं नाही. शिवेपलीकडे उभा राहून धूर बघत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

मंगळवार, १८ जून

कोंडाजीने शीव सोडली.

गावातला ताप ओसरलाय. हिंदुरावाचा नातू अंगणात हिंडायला लागला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी देवळात बोलावलं. पंचांचं म्हणणं असं की आजूबाजूच्या गावांत तापाने किती माणसं गेली, आपल्याकडे एकच. डागदरसाहेबांमुळे गाव वाचलं. मला पाटावर बसवून टोपी घातली, हातात नारळ दिला. मी नको म्हणालो नाही. दोन शब्द बोला म्हणाले. उठलो, खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नारळ घेऊन घरी आलो आणि दारातूनच हिला हाक मारली.