चोंदलेला सायलेन्सर

४ फेब्रु. १९७५, मंगळ.
गाडी पुन्हा बिघडली. सकाळी हे वडूजचं भाडं घेऊन गेले, दुपारी यायचे ते दिवेलागणीला आले. चालू होते, जागेवर छान फुरफुरते, पण पाय दाबला की ओढत नाही. चढाला म्हणे बैलगाडी पुढे गेली. (हे ह्यांनी नाही सांगितलं. भाड्याने गेलेल्या तानूबाईने सांगितलं, तेही अख्ख्या आळीला.)
ह्यांना विचारलं, काय झालं? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पाठ. शेवटी ताट आपटलं तेव्हा म्हणाले, "प्लग."
पुन्हा भांडण. (यापुढे पु. भां. लिहीन. रोज अख्खं लिहायचं म्हणजे शाई वाया.)

५ फेब्रु., बुध.
प्लग बदलले. शाळेतून आले तर माझ्या तांदूळ निवडायच्या सुपात नटबोल्ट, आणि हे अंगणात उताणे. म्हटलं नाक्यावरच्या गुलाबमिस्त्रीला बोलवा, तो रोज हेच करतो. तर, "त्यो? त्यो माझ्या गाडीला हात लावणार?"
तोफखान्यात सगळी नोकरी तोफा ओढणाऱ्या गाड्यांवर झाली ना. पेन्शनीत आले, जमीन धाकट्या दिरांना कसायला दिली आणि ही जुनी गाडी आणून उंब्रजच्या नाक्यावर उभी केली. इंजिन म्हणे हाताला कळतं. बॉनेटवर पंजा ठेवून डोळे मिटून उभे राहतात, देवळात उभं राहावं तसे.

७ फेब्रु., शुक्र.
प्लग नव्हतेच. आता कार्बोरेटर.
घरभर पेट्रोलचा वास. आमटीलासुद्धा.

९ फेब्रु., रवि.
अंग मोडून आलंय पण लिहून ठेवते.
गुळाचे व्यापारी नानाशेट आणि त्यांची बायको, सांगलीला साखरपुड्याला निघालेले. ह्यांनी भाडं घेतलं. कार्बोरेटर साफ झालाय, आता पळते का बघ म्हणाले. मला सांगलीत ताईकडे जायचं होतं, पुढे बसले.
कराडपर्यंत बरी. पुढे हळूहळू दम जायला लागला. ह्यांचा पाय खाली खाली, गाडी मागे मागे. माझ्या पायाखालचा पत्रा तापला. चपला काढल्या होत्या, पुन्हा घालाव्या लागल्या. आणि खालून आवाज. फुस्स्स. ताकाच्या मडक्यात तापलेला दगड टाकावा तसा. पाय दाबला की जास्त, सोडला की कमी.
म्हटलं, अहो, खालून काहीतरी फुसफुसतंय.
"गप बस. उन्हानं तापलीय."
वाऱ्याने माझं कुंकू फिसकटलं होतं म्हणून वरचा आरसा माझ्याकडे वळवला. केवढे खेकसले! नानाशेटच्या बायकोसमोर. मी तोंड फिरवून बसले. तेवढ्यात मागून ट्रक. हॉर्न देतोय, देतोय, देतोय. हे रस्त्याच्या मधोमध. बाजू द्यायची नाही म्हणजे नाही. मी दंड हलवला तेव्हा घेतली बाजूला. ट्रकवाला जाताना जे बोलला ते इथे लिहीत नाही.
एवढा हट्ट कशाचा? आपली गाडी चालेना म्हणून दुसऱ्यानेही चालायचं नाही?
इस्लामपुरात नानाशेट उतरले. "हवालदार, आमी आता यष्टीनंच जातो. राग मानू नगा." त्यांची बायको माझ्याकडे बघत होती, मयताला आल्यासारखी.
ताईकडे गेलेच नाही. उंब्रजला परत, सायकलीच्या चालीने. पु. भां., पण घरी आल्यावर. 

११ फेब्रु., मंगळ.
नानाशेटने नाक्यावर सगळ्यांना सांगितलं असणार. दोन दिवस एक भाडं नाही. हे गाडी पुसत उभे राहतात, माणसं त्यांच्या पुढून जाऊन दुसऱ्याच्या गाडीत बसतात.
आता पेट्रोलचा पंप सोडलाय.

१३ फेब्रु., गुरु.
जेवताना पुन्हा म्हटलं, आवाज खालून येतो, पुढून नाही. तुम्ही पुढचंच उघडत बसलाय. ऐकल्याचा पत्ता नाही. भाकरी मोडत होते. भिंतीशी बोलावं, भिंत निदान ताक मागत नाही.
मग डोक्यात सणक गेली. शाळेचा खडू घेतला आणि बॉनेटवर मोठ्या अक्षरात लिहिलं: आवाज खालून येतो आहे.
वाचलं. पुसलं. रागावले, शेजारीपाजारी बघतात म्हणून. पण गाडी चालू करून खाली शिरले. बराच वेळ पडून होते. मी ओट्यावरून ऐकत होते, फुस्स्स चालूच. बाहेर आले, पाठीला माती.
"काय बी न्हाई."
मी तिथे उभी! मला ओट्यावर ऐकू येतंय आणि ह्यांना कानाशी नाही! एवढं खोटं? बायकोचं खरं निघू नये म्हणून?
पु. भां. मोठं.

१६ फेब्रु., रवि. (लिहिलं सोम. सकाळी)
कुपवाडला जाऊन आलो. जगूभाऊजींनी निरोप धाडला होता. ह्यांच्याच पलटणीतले, तिकडे कारखान्यांच्या रांगेत त्यांचं गाड्यांचं गॅरेज आहे. जगूभाऊजींना गाडी दाखवणं ह्यांना कमीपणाचं वाटत नाही, एकाच ताटात जेवलेले. मीही गेले. ताईला भेटायचं निमित्त. खरं म्हणजे कुणीतरी तिसऱ्याने सांगावं की मी खोटं बोलत नाही, म्हणून.
जाताना अर्धा रस्ता बैलासारखी.
जगूभाऊजींनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी चालू ठेवायला लावली, मागे गेले, धूर सोडायच्या नळीपाशी तळहात धरला. "आरं, हितं वाराच न्हाई. शेळी शिंकल्यागत येतंय." मग खाली वाकले. "ह्ये बघ, जोडातनं सुटतंय. संपत, ऐक की."
हे गुडघ्यावर बसले. जोडाच्या अगदी जवळ कान नेला, भाजेल की काय असं मला झालं. एवढा फुसफुसाट, समोरच्या शेडमधला माणूस वळून बघत होता.
"कुटं? काय न्हाई."
जगूभाऊजी हसायला लागले. त्यांना थट्टा वाटली. मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबलं.
उठले, ह्यांच्या पाठीमागे गेले, हलक्या आवाजात म्हणाले, "संपत, विस्तवात हात घालू नगंस."
हे जोडाकडेच बघत.
पुन्हा, जरा मोठ्याने. "संपता."
नाही.
मग समोर येऊन बसले. "कवापासनं रं?"
हे हातातल्या चिंधीने बोटं पुसत राहिले, एकेक बोट.
"एकाहत्तरच्या लडाईपासनं?"
मान हलली. होय म्हणून.
मी तिथेच लोखंडाच्या तुकड्यांवर बसले. साडीला गंज लागला तो घरी आल्यावर दिसला.
पुढचं सगळं जगूभाऊजींनीच केलं. सायलेन्सर सोडवला. जड. एका तोंडातून सळई घातली, मधेच अडली. उभा करून आपटला तर काजळी पडली, आणि गंजून सुटलेले आतले पत्रे खुळखुळले. त्यातलाच एक आडवा होऊन वाट अडवून बसलेला. धुराला बाहेर पडायला जागा नाही म्हणून इंजिनाला नवी हवा घेता येत नव्हती. इतकंच. प्लग, कार्बोरेटर, पंप, सगळं निष्पाप.
रविवार, सांगलीतली दुकानं बंद. नवा मिळेना. "तसाच जा," म्हणाले, "आवाज हुईल लय."
झाला. इंजिन चालू केलं तर छपरावरची कबुतरं उडाली, मी कान झाकले. आणि ह्यांचं तोंड! सणाला पोरीला नवं परकर-पोलकं मिळावं तसं. "जगू! आली! ऐकू आली!"
तीन वर्षांहून जास्त हा माणूस आपल्या इंजिनाचा आवाज न ऐकता गाडी चालवतोय.
ताईकडे ह्याही वेळी गेले नाही.

१७ फेब्रु., सोम.
काल त्या आवाजात बोलणं अशक्यच होतं. आज बोलले. समोर बसवून, दार लावून.
तेव्हा का नाही सांगितलं? "सांगितलं आस्तं तर डाक्टरांच्या बोर्डापुढं घालून घरी धाडलं आस्तं."
बरं. घरी आल्यावर?
"मग सवय झाली."
कुणाला सवय झाली? मला? हे पेन्शनीत घरी आल्यापासून मी ह्या माणसाच्या पाठीशी बोलतेय. जेवायला चला, पाठ. धाकट्या भावोजींचं पत्र आलं, पाठ. माझ्या आईच्या दुखण्यात मी रात्रभर रडले, हे कूस वळवून झोपले. ते मी कधी विसरले नाही. आता कळतंय की ऐकूच आलं नसेल. मग राग जायला हवा ना? जात नाही. उलट दुसराच आला. ठाऊक होतं, आणि मला ओरडू दिलं. आळीत मी कजाग ठरले.
म्हणाले, "जाड आवाज येतो कानाला. बारीक येत न्हाई. बायकांचं लय बारीक असतं. समोर आसलं तर ओठांवरनं कळतं." वर हसले. मी नाही हसले.
आणि आरसा! त्या दिवशी आरशासाठी खेकसले ते का, हे आज कळलं. मागचं सगळं आरशातून बघतात. मी कुंकवासाठी ह्यांचा कानच वळवला होता. तो ट्रक… नानाशेट, त्यांची बायको, मी. 
भां. नाही. त्याहून वाईट काहीतरी.

१९ फेब्रु., बुध.
कराडहून नवा सायलेन्सर आणला. आणून कॉटखाली सारला. बसवत नाहीत. आज वेळ नाही, उद्या, पाना सापडत नाही. पाना सापडत नाही! ह्यांना!
गाडी मात्र पळते. पूर्वीसारखी. भाडी परत यायला लागली, पण माणसं कानात बोटं घालून बसतात.

२२ फेब्रु., शनि.
सकाळची शाळा. दुसरीचा वर्ग कविता म्हणत होता आणि हे हमरस्त्याने गेले. वर्ग खिडकीला. "बाईंचा रणगाडा! बाईंचा रणगाडा!" हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, फार गोड बोलले. गोड बोललेलं जास्त लागतं.
नाक्यावर पोलिसाने हात दाखवला म्हणे. ह्यांनी सलाम ठोकला आणि निघून गेले. त्याला वाटलं फौजी आहे, असू दे.
घरी आल्यावर कॉटखालचा सायलेन्सर ओढून उंबऱ्यात ठेवला. हे ओलांडून आत आले.

२५ फेब्रु., मंगळ.
म्हटलं, मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे चला. (समोर उभं राहून, मोठ्याने, जाड आवाज काढून. माझाच मला ओळखू येत नाही.)
"डाक्टर लिवून दील, आन गाडी चालवायचा बिल्ला जाईल."
जाऊ दे बिल्ला. माणसं आहेत गाडीत.
"एक तरी ठोकली का मी? सांग. एक तरी?"
नाही ठोकली. हे खरं आहे. आरशावर आणि हातापायांवर हा माणूस इतका चालवतो की तोफखान्याने पाठ थोपटावी. पण त्या दिवशीचा ट्रकही खराच. बिल्ला गेला तर दिवसभर ओट्यावर बसून काय करतील, हेही डोळ्यांसमोर येतं. आणि उद्या कुणाचं पोर आडवं आलं, आई ओरडली…
कुणाशी बोलू? ताईला सांगितलं तर सांगलीभर होईल. जगूभाऊजींना पत्र लिहायला घेतलं, टाकून दिलं.
खरं तर बोलायचं ह्यांच्याशीच आहे.

१ मार्च, शनि.
शाळेतून आले तर पुन्हा गाडीखाली. उंबऱ्यातला सायलेन्सर नव्हता. मी काही म्हटलं नव्हतं आज. काल तानूबाईची सून बाळंत होऊन आली, ह्यांची गाडी गेली की तान्हं दचकून रडतं, असं तानूबाई ह्यांच्या तोंडावर म्हणाली. मी इतके दिवस घसा फोडला ते नाही, तिचं एकदाच.
बसवून झाल्यावर चालू केली. मऊ. शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट बोलत होता तोसुद्धा ऐकू येत होता. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ आत बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "गेली." मी समजले, बंद पडली. तशी चालू होती.
आज पहिल्यांदा वाईट वाटलं. रागावतच वाटलं, पण वाटलं.

२ मार्च, रवि.
उद्या पहाटे वडूजचं भाडं आहे. एकाच घरातली माणसं, म्हातारी, लेकुरवाळी, गाडी भरून. दुपारी ठरवायला आले तेव्हा मी आत होते. हे हो म्हणाले ते ऐकलं. मिरजेचं नाव काढलं तर "बघू." आता "बघू"चं काय करायचं?
ते गेल्यावर मी चुलीशी बसले होते. हे आत आले. इतक्या वर्षांत ह्यांनी मला कधी कुठे चल म्हटलेलं नाही. मीच म्हणायची, नाहीतर बसून मोकळी व्हायची.
म्हणाले, "उद्या पुढं बसतीस का? मागनं हारन आला तर गुडघ्यावर हात मार."
उद्या शाळा आहे. रजा मागायची तर काय सांगून? आणि उद्या बसले तर परवा? परवा कोण बसेल? एकदा बसले की मिरज कायमची राहिली. नाही बसले तर पहाटे ती माणसं तशीच जातील, आणि मी वर्गात पाढे म्हणून घेत बसेन, प्रत्येक गाडीच्या आवाजाला खिडकीकडे बघत.
हो म्हणावं की नाही, अजून ठरत नाही. वही मांडीवर घेऊन हे लिहितेय. हे समोर उभे आहेत, माझे ओठ हलतात का ते बघत.